हँडबॉलचे विश्वविजेतेपद युरोपाबाहेर का जात नाही?

प्रति,
मा. संपादक यांस,

विषय : पुरुषांची जागतिक हँडबॉल अजिंक्यपद स्पर्धा

महोदय,

जानेवारी २०२७ मध्ये जर्मनीत पुरुषांच्या हँडबॉलची पुढची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होणार आहे. या स्पर्धेविषयी जी थोडीफार चर्चा आपल्याकडच्या क्रीडाप्रेमींत कानावर पडते, तीत दोन मते हमखास असतात. पहिले मत असे की, हा सगळा युरोपचा घरगुती मामला आहे. आणि दुसरे असे की, संघांची संख्या २४ वरून ३२ केल्यापासून स्पर्धेचा दर्जा खालावला आहे. पहिल्या मतात बरेच तथ्य आहे, दुसऱ्यात फारसे नाही, आणि या दोहोंचा एकमेकांशी जो संबंध आहे त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एका जिल्ह्याच्या ठिकाणी क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केलेला आणि या खेळाकडे दुरून का होईना, सातत्याने पाहत आलेला वाचक या नात्याने त्याविषयी काही लिहू इच्छितो.

पहिल्या मताला स्पर्धेच्या इतिहासाचाच आधार आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये बर्लिन येथे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि डेन्मार्क अशा चारच संघांत, दोन दिवसांत पहिली स्पर्धा उरकण्यात आली व यजमान जर्मनीने ती जिंकली. महायुद्धामुळे दुसरी स्पर्धा व्हायला १९५४ साल उजाडले. पहिली धरून २०२५ पर्यंत एकूण २९ स्पर्धा झाल्या. जर्मनी, स्वीडन, रुमानिया, चेकोस्लोव्हाकिया, पश्चिम जर्मनी, सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया, रशिया, फ्रान्स, क्रोएशिया, स्पेन आणि डेन्मार्क ही विजेत्यांची नामावळी वाचत गेलो, तर तीतले चार देश आज नकाशावरून नाहीसे झालेले दिसतात. पण युरोपाबाहेरचे एकही नाव तीत सापडत नाही. युरोपाबाहेर पदक गेले ते एकदाच, २०१५ साली कतारकडे, आणि त्या रौप्यपदकाची कथा इतकी निराळी आहे की तिच्याकडे पुढे स्वतंत्रपणे वळावे लागेल. त्यापूर्वी इजिप्तने २००१ मध्ये आणि ट्युनिशियाने २००५ मध्ये स्वतःच्या भूमीवर चौथ्या क्रमांकापर्यंत मजल मारली होती, असे लिहिण्याचा मोह होतो; परंतु स्वतःच्या भूमीवर खेळत होता तो ट्युनिशिया, इजिप्तने तो क्रमांक फ्रान्समध्ये जाऊन मिळवला होता, आणि हा फरक पुढच्या विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे. महिलांच्या स्पर्धेत मात्र दक्षिण कोरिया १९९५ मध्ये आणि ब्राझील २०१३ मध्ये विश्वविजेता झाला. त्यामुळे युरोपाबाहेरच्यांच्या अंगात हा खेळ मुळातच नाही, असे कोणी म्हणू लागले तर ते टिकणारे नाही. पुरुषांच्या बाबतीत अडते कुठे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधायचे तर डेन्मार्कपासून सुरुवात करणे सोयीचे. ऑर्द्रुप येथील शाळेत शिकवणारे होल्गर निल्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या विद्यार्थ्यांसाठी हा खेळ बसवला आणि १९०६ साली त्याचे नियम प्रसिद्ध केले. बंदिस्त सभागृहातल्या हँडबॉलच्या जन्मात वाटा असणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. असे असूनही डेन्मार्कच्या पुरुषांना पहिले विश्वविजेतेपद मिळायला २०१९ साल यावे लागले. १९६७ मध्ये अंतिम सामन्यात ते चेकोस्लोव्हाकियाकडून हरले, २०११ मध्ये जादा वेळेत फ्रान्सकडून हरले आणि २०१३ मध्ये बार्सिलोना येथे स्पेनने त्यांचा ३५-१९ असा धुव्वा उडवला. अंतिम सामना सोळा गोलांनी गमावणाऱ्या संघाची आपल्याकडे काय गत झाली असती, याची कल्पना कोणीही करू शकेल. डेन्मार्कमध्ये क्लब चालत राहिले, लीग चालत राहिली, कुमार संघांतून मुले वर येत राहिली, आणि तीनच वर्षांनी रिओ ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्या देशाकडे गेले. त्यानंतर जानेवारी २०१७ च्या जागतिक स्पर्धेत, उपांत्यपूर्व फेरीच्याही आधी हंगेरीने त्यांना बाहेर काढले. जागतिक स्पर्धेतला तो त्यांचा २०२५ पर्यंतचा शेवटचा पराभव. निकोलाय याकोब्सेन हे प्रशिक्षक झाल्यावर २०१९, २०२१, २०२३ आणि २०२५ अशा सलग चार स्पर्धा त्या संघाने जिंकल्या, आणि या चार स्पर्धांतल्या ३७ सामन्यांपैकी एकही सामना तो हरला नाही.

या चार विजेतेपदांपैकी मला २०२५ चे सर्वांत बोलके वाटते. मिकेल हान्सेन आणि गोलरक्षक निक्लास लांडिन हे या संघाचे दोन आधारस्तंभ २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवून राष्ट्रीय संघातून बाजूला झाले होते. आपल्याकडे अशा वेळी ‘संक्रमणाचा काळ’ असे म्हणून दोन-तीन वर्षांची सवलत मागितली जाते. डेन्मार्कने जानेवारीत पहिल्याच सामन्यात अल्जीरियावर ४७-२२ असा विजय मिळवला, उपांत्य फेरीत पोर्तुगालला ४०-२७ असे नमवले आणि २ फेब्रुवारी रोजी ऑस्लोजवळ झालेल्या अंतिम सामन्यात क्रोएशियाचा ३२-२६ असा पराभव केला. मथियास गिडसेल याने स्पर्धेत ७४ गोल केले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. त्या देशाची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या पुणे जिल्ह्याहून बरीच कमी आहे.

आइसलँडचे उदाहरण तर याहून नवलाचे. जेमतेम चार लाख वस्तीच्या या बेटाने १९९५ ची जागतिक स्पर्धा भरवली, २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकचे रौप्यपदक जिंकले, आणि आज तो देश खेळाडूंइतकेच प्रशिक्षकही जगाला पुरवतो. त्यांपैकी दागुर सिगुर्डसन यांची वाटचाल पाहिली की या खेळाची घडण लक्षात येते. २०१५ मध्ये ते जर्मनीचे प्रशिक्षक होते व २०१६ मध्ये त्यांनी जर्मनीला युरोपीय विजेतेपद मिळवून दिले. त्यानंतर ते जपानला गेले, आणि २०२१ च्या जागतिक स्पर्धेत त्यांच्या जपानने क्रोएशियाला २९-२९ असे बरोबरीत रोखले. पुढे क्रोएशियानेच त्यांना बोलावून घेतले आणि २०२५ मध्ये ते तो संघ अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले. ज्याने आपल्याला अडवले त्याच्याचकडे संघ सोपवण्यातला हा व्यावहारिक शहाणपणा मला फार आवडला.

ज्यांनी हँडबॉल केवळ शाळेच्या मैदानावर पाहिला आहे, त्यांच्यासाठी येथे खेळाविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण युरोपची आघाडी कशात आहे ते त्याशिवाय कळणार नाही. चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा क्रीडांगणावर गोलरक्षकासह सात-सात खेळाडू प्रत्येकी तीस मिनिटांच्या दोन डावांत खेळतात. गोलसमोरच्या सहा मीटरच्या रेषेच्या आत गोलरक्षकाखेरीज कोणालाही पाय ठेवता येत नाही. आक्रमकाने रेषेबाहेरून उडी घ्यावी आणि जमिनीवर येण्यापूर्वी चेंडू फेकावा, एवढीच मुभा आहे. त्यामुळे बचाव करणारे खेळाडू या रेषेवर भिंतीसारखे उभे राहतात, आणि चढाईपटू ज्या बाजूला झुकेल तिकडे कबड्डीतली साखळी जशी सरकते तशी ही फळी चेंडूमागे सरकत राहते. तिच्या मधोमध घुसून, पाठीवर दोघांचा भार घेत जागा धरून ठेवणारा पिव्होट, दोन्ही कोपऱ्यांतून अवघड कोनातून झेपावणारे विंगर आणि मागून जोरदार फटके मारणारे तिघे, यांचा मेळ बसायला वर्षानुवर्षे एकत्र किंवा निदान एकाच पद्धतीने खेळावे लागते.

त्यात नियम सतत बदलत असतात. गोलरक्षकाला बाहेर बसवून सातवा आक्रमक उतरवणे २०१६ पासून पुष्कळ सोपे झाले, आणि चेंडू हरवला की रिकाम्या गोलवर अर्ध्या मैदानातून गोल होऊ लागले. वेळकाढूपणाबद्दल पंचांनी हात वर करून इशारा दिल्यानंतर आक्रमक संघाला पूर्वी सहा पासची मुभा होती. २०२२ पासून ती चारवर आणली गेली. अशा बदलांशी जुळवून घेणे ज्या संघाचे खेळाडू दर आठवड्याला कसोटीचे सामने खेळतात त्यालाच साधते. जर्मनीची बुंडेसलिगा, फ्रान्स व स्पेनमधले मोठे क्लब आणि युरोपची चॅम्पियन्स लीग येथे असे सामने होतात. गिडसेल हा डेन्मार्कचा असला तरी खेळतो बर्लिनच्या क्लबकडून. क्रोएशिया, नॉर्वे, पोर्तुगाल यांच्या प्रमुख खेळाडूंचीही गोष्ट थोड्याफार फरकाने हीच. जानेवारीतले तीन आठवडे हे खेळाडू आपापल्या देशांसाठी एकमेकांविरुद्ध उभे राहतात, एवढेच. वर्षभर ज्याला या वर्तुळात प्रवेश नाही, त्याने जानेवारीत येऊन बरोबरी करावी ही अपेक्षा अवाजवी आहे.

या वर्तुळाला वळसा घालून पुढे जाण्याचा एक प्रयत्न २०१५ मध्ये झाला. यजमान कतारने आधीच्या स्पर्धेत स्पेनला विश्वविजेते करणारे प्रशिक्षक व्हालेरो रिव्हेरा यांना नेमले आणि संघातही क्युबात जन्मलेले राफाएल कापोते, पूर्वी माँटेनेग्रोकडून खेळलेले झार्को मार्कोविच, बोस्नियाकडून खेळलेले गोलरक्षक दानियेल शारिच, इतकेच नव्हे तर २०११ मध्ये फ्रान्सकडून विश्वविजेता झालेले बेरत्राँ रुआने यांना सामावून घेतले. एका देशाच्या राष्ट्रीय संघाकडून अधिकृत सामना खेळल्यानंतर तीन वर्षे उलटली की दुसऱ्या देशाकडून खेळता येते, अशी हँडबॉलच्या नियमांत तरतूद असल्याने यात बेकायदा काही नव्हते. कतारने उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीला व उपांत्य फेरीत पोलंडला हरवले, आणि अंतिम सामन्यात फ्रान्सने त्यांना २५-२२ असे जेमतेम तीन गोलांनी रोखले. पाठिंबा द्यायला स्पेनहून प्रेक्षकही आणवले गेले होते, ही त्या स्पर्धेतली सर्वाधिक चघळली गेलेली बातमी. मला तीत उपहासापेक्षा केविलवाणेपणा अधिक दिसला.

त्याच स्पर्धेत आणखी एक प्रकार घडला होता, ज्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. पात्रता फेरीत पोलंडकडून हरलेल्या जर्मनीला आंतरराष्ट्रीय महासंघाने विशेष प्रवेश दिला, आणि त्यासाठी जागा मोकळी झाली ती ओशेनियाला मिळणारा, म्हणजेच ऑस्ट्रेलियाचा, प्रवेश काढून घेऊन. दूरचित्रवाणीच्या बाजारात जर्मनीचे वजन मोठे आणि ऑस्ट्रेलियाचे नगण्य, याखेरीज दुसरे पटण्याजोगे कारण मला सापडलेले नाही. जर्मनीचा संघ नंतर चांगला खेळला हे खरे. परंतु पात्र न ठरलेल्याला मागच्या दाराने आत घेताना समोरच्या दारातल्याला बाहेर काढले गेले, हेही तितकेच खरे आहे.

कतारच्या त्या मार्गाने पुढे काय साधले, याचा हिशेब आता दहा वर्षांनंतर करता येतो. आशियात कतारला तोड राहिली नाही. २०१४ पासून २०२४ पर्यंतच्या सहाही आशियाई स्पर्धा त्यांनी जिंकल्या. जागतिक स्पर्धेत मात्र २०१७ व २०२१ मध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठण्यापलीकडे त्यांची मजल गेली नाही, आणि दुसरे पदकही मिळाले नाही. आणलेली पिढी थकली की पुन्हा आणावी लागते, हा या मार्गातला अडसर आहे.

इजिप्तने निवडलेला मार्ग याच्या उलट आहे, आणि माझ्या पत्राचा सारा रोख त्याकडे आहे. कैरोमधले अल अहली आणि झमालेक हे क्लब फुटबॉलसाठी जगभर ओळखले जातात. पण त्यांच्याच छत्राखाली हँडबॉलचे संघही पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, आणि या दोहोंतले वैर हँडबॉलच्या सभागृहातही तितक्याच ईर्ष्येने जपले जाते. १९९३ मध्ये इजिप्तच्या कनिष्ठ संघाने जागतिक विजेतेपद मिळवले. १९९९ मध्ये त्या देशाने वरिष्ठ गटाची जागतिक स्पर्धा भरवली आणि दोनच वर्षांनी फ्रान्समध्ये चौथा क्रमांक पटकावला. मध्यंतरी काही वर्षे उतरणीची गेली. तरी कुमारांकडे दुर्लक्ष झाले नसावे, कारण २०१९ मध्ये १९ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत इजिप्तने अंतिम सामन्यात जर्मनीला हरवले. २०२१ मध्ये कैरो येथे, करोनामुळे रिकाम्या ठेवलेल्या सभागृहात, उपांत्यपूर्व फेरीत इजिप्त आणि डेन्मार्क समोरासमोर आले. साठ मिनिटांनंतर २८-२८, जादा वेळेचे दोन्ही भाग संपल्यावर ३५-३५, आणि अखेर सात मीटरवरून घेतलेल्या फेकींवर डेन्मार्क ३९-३८ असा सुटला. डेन्मार्कच्या त्या ३७ सामन्यांच्या मालिकेत तिचा दोर याहून ताणलेला मला दुसरा सामना आठवत नाही. त्या रात्री कैरोचे प्रेक्षक आत असते तर काय झाले असते, हा प्रश्न निरर्थक असला तरी मनातून जात नाही. पुढे त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये इजिप्तचा चौथा क्रमांक आला, आणि २०२५ च्या जागतिक स्पर्धेत पुढे अंतिम फेरी गाठणाऱ्या क्रोएशियाला साखळीतच इजिप्तने २८-२४ असे हरवले होते. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सकडून त्यांचा पराभव झाला तो ३४-३३ असा, अखेरच्या क्षणी.

परदेशी प्रशिक्षक इजिप्तनेही घेतले. सध्याच्या उभारणीत स्पेनच्या प्रशिक्षकांचा हात मोठा आहे. २००५ मध्ये स्पेनला विश्वविजेते करणारे हुआन कार्लोस पास्तोर यांनीच २०२५ मध्ये इजिप्तचा संघ सांभाळला. मात्र खेळणारे होते ते त्यांच्याच गल्ल्यांत, त्यांच्याच क्लबांत वाढलेले. ज्ञान बाहेरून आणावे आणि खेळाडू घरी घडवावेत, हा क्रम कतारने पाळला नाही, इजिप्तने पाळला.

आता संघसंख्येविषयी. ३२ संघांची स्पर्धा प्रथम झाली ती २०२१ मध्ये. आठ गटांत प्रत्येकी चार संघ असतात, त्यांतले पहिले तीन मुख्य फेरीत जातात, आणि तळाचे आठ संघ अध्यक्षीय चषकासाठी म्हणजे २५ ते ३२ या क्रमांकांसाठी खेळतात. जर्मनीने उरुग्वेवर ४३-१४ असा किंवा डेन्मार्कने अल्जीरियावर ४७-२२ असा विजय मिळवला की दर्जाविषयीची ओरड सुरू होते. ती करणाऱ्यांना २००३ चा आइसलँड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला सामना आठवत नसावा. तेव्हा संघ २४ होते आणि निकाल लागला होता ५५-१५. एकतर्फी सामने संघ वाढवल्यामुळे आलेले नाहीत, ते आधीपासूनच होते.

दुसऱ्या बाजूला, संघ वाढवल्यावर काय मिळाले तेही पाहिले पाहिजे. जेमतेम पाच लाख लोकवस्तीचा केप व्हर्दे २०२१ मध्ये प्रथमच आला आणि एकच सामना खेळून, करोनामुळे पुरेसे खेळाडू उरले नाहीत म्हणून परत गेला. तोच संघ २०२३ आणि २०२५ अशा दोन्ही स्पर्धांत मुख्य फेरीत पोहोचला. काँगोच्या गोतिए म्वुंबी या धिप्पाड पिव्होटचे खेळतानाचे चित्रण २०२१ मध्ये जगभर पाहिले गेले आणि बास्केटबॉलचे शकील ओनील यांनी त्याला शुभेच्छा धाडल्या. ज्या खेळाची बातमी एरवी युरोपाबाहेर जात नाही, त्याची ती बातमी झाली. २०२५ मध्ये ब्राझीलने यजमान नॉर्वेला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर २९-२६ असे हरवले आणि प्रथमच उपांत्यपूर्व फेरी गाठली. शेवटच्या आठांत ब्राझील आणि इजिप्त हे युरोपाबाहेरचे दोन संघ होते, तर स्पेन, स्वीडन आणि नॉर्वे यांच्यासारखे नावाजलेले संघ त्याआधीच बाहेर पडले होते. दर्जा खालावल्याची ही लक्षणे म्हणता येणार नाहीत.

माझा आक्षेप संघसंख्येला नसून यजमानपदाच्या वाटपाला आहे. आजवर युरोपाबाहेर ही स्पर्धा पाच वेळा झाली: १९९७ मध्ये जपानमधील कुमामोतो येथे, १९९९ व २०२१ मध्ये इजिप्तमध्ये, २००५ मध्ये ट्युनिशियात आणि २०१५ मध्ये कतारमध्ये. त्यानंतर २०२३ ची पोलंड व स्वीडनमध्ये, २०२५ ची क्रोएशिया, डेन्मार्क व नॉर्वेमध्ये झाली. २०२७ ची जर्मनीत आहे, २०२९ ची फ्रान्स व जर्मनीला मिळाली आहे आणि २०३१ ची डेन्मार्क, आइसलँड व नॉर्वेला. सलग पाच स्पर्धा एकाच खंडात! सभागृहे तयार आहेत, तिकिटे खपतात, जर्मनीत दूरचित्रवाणीवर प्रेक्षक मिळतो, हे सर्व मान्य. २०२४ च्या युरोपीय स्पर्धेचा पहिला सामना पाहायला ड्युसेलडॉर्फच्या फुटबॉल मैदानात ५३ हजारांहून अधिक लोक आले होते, यावरून तिथला उत्साह कळतो. परंतु एकीकडे जागा ३२ करायच्या आणि दुसरीकडे यजमानपद दहा वर्षे घरातच ठेवायचे, यामुळे बाहेरच्यांना पंक्तीला पान मिळते, वाढप्याचे काम कधीच मिळत नाही. महासंघाचे अध्यक्षपद २००० सालापासून इजिप्तच्या हसन मुस्तफा यांच्याकडे असताना हे घडावे, याचे विशेष आश्चर्य वाटते.

भारताचा उल्लेख मी आतापर्यंत टाळला, कारण पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत आपला वरिष्ठ संघ आजवर एकदाही खेळलेला नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत हँडबॉलचा प्रथम समावेश झाला, आणि हा खेळ आपल्या शालेय, विद्यापीठीय, पोलीस आणि सैन्यदलांच्या स्पर्धांतून खेळला जातो. ज्या आशियाई स्पर्धेतून पहिले चार संघ जागतिक स्पर्धेला जातात, तिथे कतार, बहरीन, जपान, कुवेत आणि दक्षिण कोरिया यांना मागे सारणे आपल्याला जमलेले नाही. १९९५ च्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या युन क्युंग-शिन याने केलेले ८६ गोल गिडसेललाही तीस वर्षांनंतर गाठता आले नाहीत, हे लक्षात घेतले तर आशियातल्या स्पर्धेलाही सोपी म्हणून चालणार नाही.

आपल्या अडचणी अगदी साध्या आहेत. बहुतेक शाळांत हँडबॉल खेळला जातो तो मातीवर, फक्की मारून आखलेल्या मैदानावर. जागतिक स्पर्धेतला खेळाडू बोटांना राळ लावून चेंडूवर पकड घेतो, त्या पकडीच्या बळावर मनगट वळवून चेंडू फिरवतो. तीच राळ मातीवर लावली तर चेंडूला मातीचे पुट चढते. लाकडी किंवा कृत्रिम तक्तपोशी असलेले सभागृह जिल्ह्याच्या क्रीडासंकुलात असते तिथे ते बॅडमिंटनला दिलेले असते, आणि चाळीस मीटर लांबीची मोकळी जागा तिथे क्वचितच मिळते. मातीवर शिकलेला मुलगा जेव्हा प्रथमच सभागृहात उतरतो तेव्हा त्याची पावले, त्याचा तोल, चेंडूची उसळी, सगळेच बदलते.

२०२३ च्या जूनमध्ये जयपूर येथे प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला मोसम झाला आणि तो महाराष्ट्र आयर्नमेन या संघाने जिंकला. परदेशी खेळाडूंबरोबर आपली मुले चकचकीत सभागृहात खेळताना पाहून समाधान वाटले. पण दोन-तीन आठवड्यांच्या मोसमातून राष्ट्रीय संघ उभा राहत नाही. त्यासाठी ऑक्टोबरपासून मेपर्यंत दर शनिवारी-रविवारी होणारे, कोणी न पाहिलेले शेकडो सामने लागतात.

हे आताच लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. २०३६ चे ऑलिंपिक भरवण्याची इच्छा भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये औपचारिकरीत्या कळवली आहे. ते आपल्याला मिळाले, तर यजमान म्हणून हँडबॉलच्या बारा संघांत आपला संघ आपोआप असेल, आणि त्या वेळी कतारच्या वाटेने जाण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. दुहेरी नागरिकत्व आपल्या कायद्याला मान्य नसल्याने ती वाट आपल्यासाठी तशीही अरुंद आहे, ही एका परीने सोयच म्हणायची. २०३६ मध्ये जे पंचविशीत असतील ती मुले आज पाचवी-सातवी-नववीत आहेत. इजिप्तला १९९३ च्या कनिष्ठ विजेतेपदापासून २००१ च्या चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचायला आठ वर्षे लागली होती, आणि त्यांच्याकडे क्लब आधीपासून होते. आपल्याला प्रथम जिल्हावार क्लब काढावे लागतील, निदान प्रत्येक विभागात एक पूर्ण मापाचे सभागृह या खेळासाठी काही तास राखून ठेवावे लागेल, आणि एखादा आइसलँडचा किंवा स्पेनचा प्रशिक्षक वरिष्ठ संघाऐवजी सोळा वर्षांखालील मुलांसाठी आणावा लागेल.

आपल्या दैनिकाकडे माझी मागणी माफक आहे. युरोपातले संध्याकाळचे सामने आपल्याकडे मध्यरात्री किंवा त्यानंतर संपतात आणि छपाईच्या वेळेत बसत नाहीत, याची मला जाणीव आहे. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या अंकात निकाल आले तरी हरकत नाही. जर्मनीतल्या स्पर्धेचा केवळ अंतिम सामना न देता चारही आशियाई संघांचे साखळीतले आणि अध्यक्षीय चषकातले निकाल, कोण कोणाशी आणि किती गोलांनी एवढ्यापुरते तरी, क्रीडापानावर नियमितपणे द्यावेत. इजिप्त व ब्राझील यांच्या सामन्यांना, ते हरले तरी, एखादा परिच्छेद द्यावा. आणि आपल्या राज्याच्या शालेय हँडबॉल स्पर्धांचे निकाल छापताना केवळ विजेत्या शाळेचे नाव न देता, सामना मातीवर झाला की सभागृहात, हेही बातमीदारांनी नोंदवावे. ही एवढी नोंद पाच वर्षे सलग झाली तरी कोणत्या जिल्ह्यात काय उभे राहिले याची यादी क्रीडा विभागाकडे मागण्याची गरज उरणार नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा